राखी फळीवर येऊन बसते

माघ लागला की माझी मान आपोआप वर जाते. दौंडच्या बाजारात भाजी घेताना, बँकेतून घरी येताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना, कुठेही. आभाळ त्या दिवसांत स्वच्छ असतं, ऊन अजून अंगाला लागत नाही आणि साखर कारखान्याकडून वाऱ्याबरोबर मळीचा आंबूस-गोड वास येतो. बाहेरगावचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात, आम्हाला तो वास आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. गेल्या आठवड्यात भाजीवाली मला म्हणाली, "ताई, वर काय बघताय? वांगी हितं खाली हायेत." मी हसले आणि वांगी घेतली. शर्यतीच्या कबुतरांची वाट बघतेय, असं तिला काय सांगणार? ती कबुतरंही आता नाहीत आणि त्यांची वाट बघणारी माणसंही नाहीत.

परवा घरात सगळे क्रिकेटची मॅच बघत बसले होते. पंचांनी बोट वर केलं, फलंदाजानं दाद मागितली आणि पडद्यावर चेंडूचा सगळा रस्ता रंगीत रेघेनं काढून दाखवला. इथे टप्पा पडला, इथे पायाला लागला आणि पाय मध्ये नसता तर इथून स्टंपच्या वरून गेला असता. पंचांना आपला निर्णय सगळ्या मैदानासमोर फिरवावा लागला. माझा मुलगा खूश झाला. "बघ आई, मशीन नसतं तर गेला असता बिचारा!" खरंच होतं ते. पण माझं लक्ष त्या पंचांकडे होतं. टोपी सारखी करत, कुठेही न बघता ते गृहस्थ उभे होते, आणि मला आप्पांची आठवण आली.

आप्पा म्हणजे माझे वडील. शिरूरच्या पेठेत त्यांचं घोंगड्यांचं दुकान होतं. आम्ही मूळचे कवठे येमाईकडचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, मग मेंढरं जाऊन शेती आली आणि आप्पांच्या वाट्याला तीही जेमतेमच आली, म्हणून ते शिरूरला आले. पण मेंढरांमागे रान तुडवणाऱ्यांचं रक्त एका गाळ्यात किती रमणार? त्यांनी घराच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ बांधली. आजोबा शेवटपर्यंत कुरकुरत राहिले. "माझी मेंढरं निदान जमिनीवर तरी व्हती," ते म्हणायचे, "ह्याची आभाळात गेली."

आणि दौंडला हसनमामा होते. नात्यानं मामा नव्हेत, पण मी त्यांना जन्मापासून मामाच म्हणत आले. ते गाद्या भरून द्यायचे. कापूस पिंजून पिंजून त्यांच्या भुवयांत, मिशीत, कानांच्या पाळ्यांवर सदैव पांढरे तंतू अडकलेले असायचे, त्यामुळे तरुणपणीही ते म्हातारे दिसत आणि म्हातारपणी तसेच राहिले. त्यांचीही ढाबळ होती. आप्पांची आणि त्यांची गाठ कुठल्याशा बाजारात कबुतरांवरून झालेल्या भांडणात पडली आणि ते भांडण पुढे जन्मभर मैत्रीसारखं चाललं. पेठेतले लोक म्हणायचे, "एकाकडं पांघरूण, एकाकडं अंथरूण, आन् झोप मात्र दोघांना बी न्हाई."

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कबुतरं बांबूच्या टोपल्यांत घालून आगगाडीनं लांब पाठवायची. आधी सोलापूर, मग गुलबर्गा आणि हंगामाची शेवटची शर्यत वाडी जंक्शनवरून. तिथे सकाळी सगळी एकदम उडवायची. पुढचा रस्ता त्यांचा त्यांनी शोधायचा. ज्याचं कबुतर आधी घरी पोचलं, तो जिंकला. शिरूर जरा आडबाजूला आणि लांब पडतं, म्हणून शिरूरकरांना ठरलेली सूट. हे सगळं सोपं. अवघड प्रश्न एकच होता. कबुतर घरी केव्हा पोचलं, हे सांगणार कोण? मालकाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? माणूस गंगेवरून आला तरी स्वतःच्या कबुतरापुढे थोडं खोटं बोलतोच.

म्हणून जुन्या शौकिनांनी एक रीत पाडली होती. शर्यतीच्या दिवशी मालकानं आपल्या गच्चीवर थांबायचंच नाही. दौंडच्यानं शिरूरला जायचं, शिरूरच्यानं दौंडला, आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या ढाबळीसमोर पंच म्हणून बसायचं. ढाबळीच्या खिडकीबाहेर एक लाकडी फळी असते. कबुतर त्या फळीवर टेकलं की पंचानं मोठ्यानं "आलं!" म्हणायचं आणि घड्याळ बघायचं. तोपर्यंत घरच्यांनी तोंड उघडायचं नाही. घरच्या माणसानं आधी आवाज केला तर कबुतर बाद. पंचाचं "आलं" कानावर पडलं की मग दाण्यांचा डबा वाजवायचा आणि कबुतराला आत घ्यायचं.

आमच्या गच्चीवर हसनमामा बसायचे आणि त्यांच्या गच्चीवर आप्पा. आदल्या संध्याकाळी मामा कापडी पिशवी घेऊन एसटीतून उतरायचे. आई त्यांच्यासाठी हुलग्याची शेंगोळी करायची, लसणाचा ठसका सगळ्या आळीला लागायचा. सकाळी ते अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून गच्चीवरच्या पत्र्याच्या खुर्चीत बसायचे आणि मग तासन् तास ते, आई आणि मी, कुणीच फारसं बोलायचं नाही. खाली पेठेत कांद्याच्या गाड्यांचे हॉर्न, कुठे तरी घिसाड्याची ठोकठोक आणि आमच्या तिघांच्या माना आभाळात. आई डबा मांडीवर घेऊन बसायची. कबुतर आमच्या तिघांनाही दिसलेलं असायचं, पण मामांनी "आलं, वहिनी!" म्हणेपर्यंत आई मांडीवरचा डबा हलू द्यायची नाही. मला तर श्वास सोडायचीही भीती वाटायची.

दौंडला आप्पांचा पाहुणचार शमीममामी करायच्या. त्यांच्या हातच्या खिम्याचं वर्णन आप्पा आल्यावर चार दिवस करायचे आणि चौथ्या दिवशी आई म्हणायची, "मग ऱ्हायचं व्हतं की तिथंच."

या रितीत एक गंमत होती आणि ती मला फार उशिरा कळली. दोघांनीही स्वतःचं कबुतर शर्यतीतून घरी येताना कधी पाहिलेलंच नव्हतं. वर्षभर जपायचं, दाणा निवडून घालायचा, पंखांना हात लावून बघायचा आणि ज्या क्षणासाठी हे सगळं, त्या क्षणी आपण दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच्या फळीकडे डोळे लावून! संध्याकाळी परतीच्या दोन्ही गाड्या वाटेतल्या न्हावऱ्याला एकमेकींना गाठायच्या. तिथे दोघं उतरायचे, टपरीवर चहा घ्यायचे आणि एकमेकांना सांगायचे. कोण जिंकलं ते नंतर. आधी, कसं आलं ते. मी दहावीत असताना एकदा आप्पांबरोबर होते, तेव्हाचं आठवतंय. हसनमामा कपबशी बाजूला ठेवून दोन्ही हात पसरून उभे राहिले होते. "आशी आली तुझी राखी, आशी! वरनं गोल घेतला न्हाई, काय न्हाई. सरळ. पोस्टमन कसा येतो दारात, तशी." आणि आप्पा तोंड उघडं टाकून ऐकत होते. चहावर साय धरली होती.

राखी ही आप्पांची लाडकी मादी. राखेच्या रंगाची, डोळे लालसर. मामांच्या नराचं नाव गार्ड, कारण त्याच्या मानेभोवती गणवेशाच्या कॉलरसारखा पांढरा पट्टा होता आणि दौंड हे शेवटी रेल्वेचं गाव.

आता त्या हंगामाकडे येते. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. दिवाळीपासूनच घरात एक गोष्ट हळू आवाजात बोलली जायची. आप्पांना काचबिंदू झाला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जितकी टिकेल तितकी टिकेल. आप्पांना समोरचं दिसायचं, पण बाजूचं दिसत नव्हतं. बांबूच्या नळीतून बघितल्यासारखं दिसतं, असं ते म्हणायचे. ताटातली भाजी दिसायची, शेजारची चटणी दिसायची नाही. माणसाला आभाळ बघायचा नाद असावा आणि त्याचं आभाळच दिवसेंदिवस आक्रसत जावं, हे मला त्या वयात सहनच व्हायचं नाही. मी चिडचिड करायचे, आणि आप्पा मलाच समजवायचे. एक दिवस ते ढाबळ झाडता झाडता म्हणाले, "शैले, मला बाकी काय न्हाई गं. फकस्त एक डाव राखीला येताना बघायची व्हती." एवढं बोलून ते पुन्हा झाडायला लागले.

सोलापूरच्या शर्यतीला आप्पा नेहमीप्रमाणे दौंडला गेले. तिथे काय झालं ते मला शमीममामींनी पुढे कधीतरी सांगितलं. गार्ड आला, फळीच्या अगदी कडेला बसला आणि आप्पा समोर आभाळात बघत राहिले. मामींना कबुतर दिसत होतं, पण बोलायची सोय नव्हती. रीत म्हणजे रीत. बिचारीनं खोकून बघितलं, पदर झटकला, शेवटी जिन्यावरून एक पातेलं घरंगळू दिलं. पातेल्याच्या आवाजानं आप्पांनी मान वळवली, तेव्हा त्यांना गार्ड दिसला. तो तोवर फळीवर ऐसपैस बसून पंख साफ करत होता. आलेलं कबुतर लगेच पंख साफ करत नाही, हे आप्पांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते "आलं" म्हणाले, पण बसल्या आवाजात.

मामांचा नंबर गेला. संध्याकाळी न्हावऱ्याला आप्पांनी आडपडदा ठेवला नाही. "हसन, माझ्यामुळं गेलास तू. माझी नजर संपली रं. पुढच्या टायमाला दुसरा मानूस पाठवतो तुझ्याकडं."

मामांनी चहा ओतून घेतला. "पाठव की," ते म्हणाले. "पर त्याला मी जेवाय घालणार न्हाई."

मामांचा थोरला मुलगा सलीम तेव्हा शिक्रापूरच्या एका कारखान्यात होता. कारखान्याच्या फाटकावर कामगारांची हजेरी घेणारं यंत्र असायचं. कार्ड जवळ नेलं की ते टुंग वाजायचं आणि वेळ उमटायची. कंपनीनं नवीन यंत्रं घेतल्यावर जुनी भंगारात निघाली आणि सलीमनं ती उचलली. कार्डातली चकती कबुतराच्या पायातल्या कड्यात बसवायची, यंत्राची पट्टी ढाबळीच्या खिडकीत उंबऱ्यासारखी ठोकायची. कबुतर पट्टीवरून आत शिरलं की टुंग. वेळ पक्की. पंच नको, ओरडणं नको, भांडण नको. दिवाळीपासून तो हे सगळ्यांना पटवत होता आणि सोलापूरच्या शर्यतीनंतर त्याचा निकाल लावायला न्हावऱ्याच्या टपरीवरच बैठक बसली. सुट्टी होती म्हणून मीही आप्पांना धरून गेले होते.

इथे एक सांगून टाकते. मी यंत्राच्याच बाजूची होते, आजही आहे. पाहुण्या पंचाची ती रीत ऐकायला गोड वाटते, पण सगळ्या गच्च्यांवर काही हसनमामा बसत नव्हते. कासुर्डीच्या एका मालकानं पंचाला आदल्या रात्री इतकं मटण चारलं होतं की शर्यतीच्या दिवशी पंच गच्चीवर घोरत होता आणि कबुतराची वेळ यजमानानंच दयाळूपणे लिहिली. असल्या तक्रारी दर हंगामाला व्हायच्या आणि मैत्र्या तुटायच्या. माणूस चुकतो, लाजतो, खाल्ल्या मिठाला जागतो. यंत्राला मीठच लागत नाही.

बैठकीत पोरांच्या बाजूनं सलीम बोलला. "डोळ्याचं काय सांगता येतंय का? डोळा चुकतो. सेन्सर चुकत न्हाई. आन् आपलं कबुतर आपल्यालाच बघाय मिळंल, ह्यात वाईट काय हाय?"

सगळ्यात जोरात विरोध केला तो त्याच्या बापानं. "आन् मशीन बसलं म्हंजी आमी शर्यतीच्या दिवशी जायचं कुठं?"

पोरं हसली. मामा हसले नाहीत. तेवढ्यात आप्पा उठून उभे राहिले. त्यांच्या बाजूला कोण बसलंय हे त्यांना दिसत नव्हतं, म्हणून ते सरळ समोरच्या चुलीकडे बघत बोलले. "मशीन बसवा. बसवाच. मानसानं आपली चूक दुसऱ्याच्या पदरात किती घालायची?"

आप्पांसारखा जुना माणूस हो म्हणाला म्हटल्यावर बाकीचेही हो म्हणाले. पोरांनी त्यांना खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. हसनमामा मात्र त्या दिवशी चहाचा कप अर्धा टाकून गाडीत जाऊन बसले. आप्पांनी हाक मारली, पण मामा ज्या खिडकीत बसले होते ती आप्पांना दिसत नव्हती आणि हाक भलतीकडेच गेली. मला रडू आलं. मी आप्पांना म्हटलं, "खरं कारण सांगायचं होतं ना सगळ्यांना." आप्पा म्हणाले, "ज्याला सांगायचं त्याला ठाव हाय."

गुलबर्ग्याच्या शर्यतीला पहिल्यांदाच आप्पा घरी होते. सकाळपासून त्यांची लगबग बघण्यासारखी होती. दाढी केली, ठेवणीतली टोपी घातली, ढाबळीच्या खिडकीतली ती काळी पट्टी फडक्यानं पुसली, पुन्हा पुसली. आई म्हणाली, "नवरी येनार हाय का कबुतर?" आप्पा लाजले. खरंच लाजले. जन्मात पहिल्यांदा राखीला येताना बघणार होते ते. गच्चीवर तिघं बसलो. पत्र्याची खुर्ची नेहमीच्या जागी होती, पण तिच्यात कुणी बसलं नाही. आप्पा चटईवर बसले. कोवळं ऊन कडक झालं, पेठेचा आवाज वाढला आणि मग मला कांद्याच्या बाजाराच्या बाजूनं एक ठिपका दिसला.

ती राखीच होती. छतांवरून खाली उतरली, पंख मागे घेतले आणि फळीवर येऊन बसली. आप्पांपासून चार-पाच हातांवर, पण त्यांच्या उजव्या बाजूला. आप्पा समोर बघत होते.

आता पुढे जे झालं ते लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. राखी फळीवर बसून राहिली. जन्मभर तिला तेच शिकवलं होतं, फळीवर थांबायचं आणि डबा वाजला की आत जायचं. आई डबा मांडीवर घेऊन बसून राहिली, कारण "आलं" ऐकल्याशिवाय डबा हलवायचा नाही हे तिच्या हाडात मुरलेलं. मी तर तोंड घट्ट मिटून घेतलं होतं, घरच्यानं आवाज केला तर कबुतर बाद! आणि खिडकीतलं यंत्र राखी पट्टीवर पाऊल ठेवेल म्हणून वाट बघत होतं. चौघं असे एकमेकांसाठी थांबलेले. उडत आलेली राखी घरी पोचून घराबाहेर बसलेली, आणि वेळ चाललेली.

किती गेली कोण जाणे. एकदम आईनं रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, आज हसनभाऊ न्हाईतच की!" आणि तिनं डबा असा काही खडखडवला की अर्ध्या पेठेतली कबुतरं उडाली. राखी टुणकन आत शिरली. यंत्र वाजलं.

आप्पांनी आवाजाच्या दिशेनं मान फिरवली. "आली व्हय?" ते म्हणाले. "कवा आली?"

मी आजवर पुष्कळ वाईट बातम्या ऐकल्या, पण त्या दोन शब्दांनी मला जसं कापलं तसं दुसऱ्या कशानं नाही. आईनं पदर तोंडाला लावला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आत्ताच आली आप्पा, पटकन शिरली आत, मलाही नीट दिसली नाही." आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना खोटं कळत होतं. आमचा नंबर बराच खाली गेला.

संध्याकाळी सलीमचा फोन आला तेव्हा दौंडची हकीकत कळली. तिथे आणखीनच तऱ्हा. हसनमामांनी आपल्या गार्डला शर्यतीतून येताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि त्या माणसाला आनंद आवरेना. गार्ड फळीवर टेकतोय तोच मामांनी उड्या मारत टाळ्या पिटल्या. गार्ड असा दचकला की उडून शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला आणि दुपार कलेपर्यंत खाली आलाच नाही. "म्हातारा येडा झालाय," सलीम फोनवर वैतागून म्हणाला. "हरलाय, तरी सगळ्या आळीला सांगत फिरतोय, गार्ड कसा आला, गार्ड कसा आला." शर्यत शिक्रापूरच्या एका पोरानं जिंकली. त्याच्या कबुतरांना फळीवर थांबायची जुनी खोड नव्हती. ती सरळ आत शिरली.

मी तो फोन आप्पांना सगळा सांगितला. टाळ्यांचं ऐकून ते खूप हसले. मग म्हणाले, "चला, त्यानं तरी बघितलं." ते हसू खरं होतं. मला माणसाच्या मोठेपणाची उदाहरणं पुस्तकात शोधावी लागली नाहीत ती यामुळे.

त्यानंतर वाडीच्या शर्यतीपर्यंतचे दिवस कसे गेले, ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. कॉलेजच्या वाटेवर रस्त्यात सांडलेली उसाची वाढी, हिरव्या शेंड्यांची. घोडनदीचं आटत चाललेलं पाणी आणि त्यात धुवायला टाकलेली घोंगडी, ओली असताना त्यांना येणारा तो मेंढरांचा वास. परीक्षेचा अभ्यास मी गच्चीवर ढाबळीला पाठ लावून करायचे, घुमणाऱ्या कबुतरांचा आवाज पाठीतून आत यायचा. आप्पा दुकानातून लवकर वर यायचे आणि राखीला हातात घेऊन बसायचे. दिसत नव्हतं तेव्हा बोटांनी बघायचे, एकेक पीस उलगडून. नजर आणखी आक्रसली होती. पुढच्या माघात ही नळीही बंद होणार, हे आता डॉक्टरांनी सांगायची गरज राहिली नव्हती. हसनमामांचा फोन नाही, निरोप नाही. आप्पाही हट्टी. "त्यानं कशाला करावा फोन? आता काम काय उरलंय आमचं एकमेकांकडं?"

वाडीच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी दार वाजलं. मी उघडलं तर दारात हसनमामा. हातात कापडी पिशवी, मिशीत कापूस.

"वहिनी, शेंगोळी टाकली न्हाई का?" ते आत येत म्हणाले. "कोपऱ्यावर वास न्हाई आला."

आई गडबडून उठली. आप्पा भिंतीला टेकून बसले होते, ते तसेच बसून राहिले. "मशीन बसलंय आता," ते म्हणाले. "पंच लागत न्हाई."

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. "ते मशीन माझ्याच पोरानं आणलंय. मला नको सांगूस."

त्यानंतर दोघं जेवायला बसले. आईनं तेवढ्या वेळात हुलग्याचं पीठ मळून शेंगोळी केली होती, ती मामांनी मागून मागून खाल्ली. एवढंच.

सकाळी मामांनी पत्र्याची खुर्ची उचलली आणि ढाबळीसमोरून काढून आप्पांच्या शेजारी आणून ठेवली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी. यंत्राकडे त्यांनी बघितलंही नाही. वाडीहून कबुतरं सोडल्याचा फोन येऊन गेला होता. लांबचा पल्ला, त्यामुळे पुष्कळ वेळ नुसती वाट. दोघांच्या अधूनमधून गप्पा चालल्या होत्या, कापसाच्या भावाच्या, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाच्या. गेल्या महिनाभराचा विषय कुणी काढला नाही. ऊन डोक्यावर आलं आणि मामा बोलता बोलता थांबले.

"किसना," ते आप्पांना हळूच म्हणाले, "मार्केटच्या अंगानं ठिपका हाय."

आप्पा ताठ झाले. "घार असंल."

"घार तरंगती. ही पंख मारतीय. लई घाईनं मारतीय." मामांनी आप्पांचा हात आपल्या हातात घेतला आणि त्यांचं बोट धरून आभाळात रोखलं. "हितं. आता हितं आली. शाळंच्या वर." बोट सरकत गेलं. "उजवा पंख जरा खाली धरलाय. दमलीय पोरगी. पर रस्ता न्हाई सोडला. आता वडावरनं आली, खाली याय लागली. हिकडं बघ, मान हिकडं कर, आजून." त्यांनी दुसऱ्या हातानं आप्पांची हनुवटी धरून वळवली. "समोर. आता बघ. पाय सोडलं तिनं."

आणि त्या क्षणी, त्या उरलेल्या नळीएवढ्या आभाळातून, राखी आप्पांच्या नजरेसमोर उतरली. मला ते कळलं, कारण त्यांचा चेहराच बदलला. फळीवर ती टेकली तेव्हा तिच्या पंखांचा वारा आम्हाला लागला. मामांनी आप्पांकडे बघितलं आणि वाट पाहिली. आईनं डबा घट्ट धरून ठेवला. आज वेळेचं कुणाला पडलेलं नव्हतं.

"आलं," आप्पा म्हणाले. आवाज फुटला त्यांचा. मग मोठ्यानं, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं, "आलं! आलं गं, वाजव डबा!"

आईनं डबा वाजवला. राखी आत गेली, यंत्र वाजलं. आप्पा टोपी काढून डोळे पुसत राहिले, मामा पुसू देत राहिले. बऱ्याच वेळानं आप्पांना भान आलं.

"हसन, आरं, आन् गार्ड? त्याला तिकडं कोन बघतंय?"

"मशीन हाय की."

"मशीन घाल चुलीत. एकदाच बघितलंस त्याला येताना, आन् आज हितं येऊन बसलास? तुझा गार्ड आता घरी आला असंल आन् तू न्हाईस तिथं."

हसनमामा उठले, खुर्ची उचलून नेहमीच्या जागी ठेवली आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मला पुढल्या साली बी दिसंल, किसना."